देवाचें नीतिमत्त्व व मार्टिन लूथर

प्रेषित पौलानें रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाचें सतरावें वचन आमच्या बहुतेक वाचकांस तोंडपाठ असेल. शुभवर्तमानांत देवाचें नीतिमत्त्व प्रगट होतें, असें प्रेषित त्यांत सांगतो. आपण तें वाचतों आणि पुढें जातों. परंतु पांचशें वर्षांपूर्वीं जर्मनी देशांत एक संन्यासी होऊन गेला, त्यास हें वचन ओलांडून पुढें जातां येईना. वाटेंत आडव्या पडलेल्या धोंड्याप्रमाणें तें त्याच्यापुढें पडून राहिलें. त्या संन्याशाचें नांव मार्टिन लूथर. त्याचें चरित्र आमच्या वाचकांनीं पूर्वीं ऐकलें असेल. पण बहुधा पोपाशीं झालेल्या झगड्याची हकीकत म्हणून ऐकलें असेल. आज आम्ही तें निराळ्या बाजूनें सांगणार आहों. देवाच्या न्यायासनापुढें मी कसा टिकेन, या एका प्रश्नानें त्याचें सारें आयुष्य घडविलें. आणि हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं.

तो आमचाहि आहे, हें आम्हांस एका खेड्यांतील वृद्ध बंधूंनीं शिकविलें. ते दुखणाईत पडले होते व आम्हीं त्यांच्या बाजेजवळ बसून प्रार्थना केली. प्रार्थना संपल्यावर त्यांनीं सांगितलें कीं, तरुणपणीं त्यांनीं शेताचा बांध रातोरात दोन हात सरकवून थोरल्या भावाची जमीन आपल्याकडे ओढली होती, आणि पंचांपुढें खोटी साक्षहि दिली होती. भाऊ मरून गेला होता. आतां मोठ्या न्यायाधीशापुढें भाऊ उभा राहील तेव्हां काय सांगावें, असें ते विचारीत होते. देव दयाळू आहे, असें आम्ही चटकन् बोलून गेलों. त्यांनीं भिंतीकडे तोंड वळविलें. सेमिनरींत असतां न्यायाच्या दिवसाविषयीं आम्हीं पानेंच्या पानें लिहिलीं होतीं व गुणहि मिळविले होते; परंतु त्या बाजेजवळ आमचें उत्तर हलकें पडलें. घरीं येऊन आम्हीं लूथराचें चरित्र पुन्हां काढून वाचलें.

लूथराचा जन्म सन १४८३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १० व्या तारखेस आइस्लेबेन या गांवीं झाला. त्याचा बाप हान्स हा शेतकऱ्याच्या घरांत जन्मलेला असून मान्सफेल्ड येथें तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत शिरला होता व कष्टानें वर आला होता. घरीं व शाळेंत छडीचा धाक होता. मुलानें कायदा शिकून वकील व्हावें, अशी बापाची इच्छा. मुलगा हुशार निघाला. सन १५०१ मध्यें तो एरफुर्टच्या विद्यापीठांत दाखल झाला व सन १५०५ च्या आरंभीं एम्. ए. ची पदवी मिळवून त्यानें कायद्याचा अभ्यास सुरू केला.

त्या वर्षीं जुलैच्या २ ऱ्या तारखेस तो घराहून एरफुर्टास परत जात असतां स्टोटर्नहाइम गांवाजवळ त्यास वादळानें गांठलें. जवळच वीज पडली. तो भूमीवर पडला व घाबरून त्यानें संत अ‍ॅनाचा धांवा केला, आणि वांचलों तर संन्यासी होईन असा नवस केला. पंधरा दिवसांनीं, १७ तारखेस, तो एरफुर्ट येथील ऑगस्टीनपंथी मठाच्या दारांत उभा राहिला. बापास अतिशय राग आला. वाचकहो, नवस म्हणजे काय हें आपल्या गांवांत कोणास सांगावयास नको. संकटांत मनुष्य देवाशीं सौदा करतो. परंतु लूथराचा नवस विजेच्या एका क्षणाचा नव्हता. त्याची भीति त्या वादळाहून जुनी होती. त्या काळच्या देवळांतून ख्रिस्ताचें एक चित्र असे: ख्रिस्त इंद्रधनुष्यावर न्यायाधीश म्हणून बसलेला, आणि त्याच्या मुखापाशीं तरवार. लहानपणापासून तें चित्र पाहून लूथराचें अंग शहारत असे. ज्यानें तारावयाचें त्याच्याच पासून पळून कोठें जावें, हें त्यास कळत नव्हतें.

मठांत त्यानें कसर म्हणून कांहीं ठेविली नाहीं. उपास केले, रात्रीच्या प्रार्थना केल्या, थंडींत कुडकुडत निजला. सन १५०७ मध्यें त्यास याजकाची दीक्षा मिळाली. पहिला मिस्सा करितांना, मी धूळ व राख असून जिवंत देवाशीं बोलत आहें, या विचारानें त्याचे पाय लटपटूं लागले. पापांची कबुली देण्यास तो आपल्या गुरूकडे जाई व तासन् तास बसे. आणि परत खोलींत येतांच राहिलेलें एखादें पाप आठवून पुन्हां धांवत जाई. त्याचे वडील गुरु योहान फॉन स्टाउपिट्स हे शहाणे व मायाळू होते. ते त्यास वारंवार ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहावयास सांगत. सन १५१० च्या अखेरीस मठाच्या कामानिमित्त तो रोमास जावयास निघाला. तेथें भाविक लोक ज्या पवित्र पायऱ्या गुडघ्यांनीं चढत, त्याहि तो चढला. परंतु वर पोहोंचल्यावर त्याच्या मनांत शंका आलीच कीं, याचा उपयोग होतो हें कोणास ठाऊक?

येथें थोडें थांबून आम्ही वाचकांस विचारतों: या मनुष्याचा दोष काय होता? तो आळशी नव्हता, ढोंगी नव्हता. त्याची अडचण हीच कीं, त्यानें देवाचा न्याय खरा मानिला. पुष्कळ लोक भीत नाहींत याचें कारण त्यांचा विश्वास मोठा असतो असें नव्हे. त्यांनीं त्या दिवसाचा विचारच केलेला नसतो. लूथरानें विचार केला आणि हिशेब मांडला, व हिशेब कधीं जुळेना. आपलें सर्वांत चांगलें कृत्यहि मी देवाच्या प्रेमानें केलें कीं शिक्षेच्या भयानें केलें, असें तो स्वतःस विचारी, आणि उत्तर ऐकून खचून जाई. आपणांस शिक्षा करणाऱ्या देवावर आपण मनांतून रागावलों होतों, हेंहि त्यानें पुढें मोकळेपणीं लिहून ठेविलें आहे.

स्टाउपिट्स यांनीं त्यास विटेनबर्गच्या विद्यापीठांत पवित्र शास्त्र शिकविण्याच्या कामास लाविलें. सन १५१२ च्या ऑक्टोबरांत तो शास्त्राचा डॉक्टर झाला. रोग्यासच वैद्यकी शिकावयास बसवावें, तशी ही युक्ति होती. सन १५१३ पासून त्यानें स्तोत्रें शिकविलीं व सन १५१५ आणि १५१६ मध्यें रोमकरांस पत्र शिकविलें. स्तोत्रें शिकवितांना त्यास एक कोडें पडलें. एकतिसाव्या व एकाहत्तराव्या स्तोत्रांत भक्त देवास विनवितो कीं, तुझ्या नीतिमत्त्वानें मला सोडीव. हें कसें? गुन्हेगार न्यायाधीशाकडे दया मागेल. न्यायाधीशाच्या न्यायीपणानेंच मला सोडवा, असें तो कसा मागेल? नीतिमत्त्व म्हणजे ज्यायोगें देव नीतिमान असून पाप्यांस शिक्षा करतो तें, असें लूथरास शिकविलें गेलें होतें. तेव्हां शुभवर्तमानांतहि देवाचें तेंच नीतिमत्त्व प्रगट होत असेल, तर तें शुभवर्तमान कसचें? नियमशास्त्रानें एकदां दोषी ठरविलें, आतां शुभवर्तमानानेंहि ठरवावें काय?

रात्रंदिवस तो त्या सतराव्या वचनावर विचार करीत राहिला. शेवटीं त्याचें लक्ष त्या वचनांतील शब्द एकमेकांशीं कसे जोडले आहेत याकडे गेलें. नीतिमान विश्वासानें जगतो, असें संदेष्टा हबक्कूक याच्या आधारानें पौल तेथें सांगतो. म्हणजे हें नीतिमत्त्व देव हातांत तरवारीसारखें धरीत नाहीं. तो तें देणगी म्हणून देतो, आणि मनुष्य तें विश्वासानें घेतो. ही गोष्ट नेमक्या कोणत्या वर्षीं घडली याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण सन १५४५ मध्यें, मरणाच्या एक वर्ष आधीं, लूथरानें आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेंत ती स्वतः सांगितली आहे. स्वर्गाचीं दारें उघडलीं व आपण आंत गेलों, असें त्यास वाटलें. मग त्यानें सारें शास्त्र मनांतल्या मनांत चाळलें. देवाचें सामर्थ्य म्हणजे ज्यानें देव आपणांस समर्थ करतो तें. देवाचें ज्ञान म्हणजे ज्यानें तो आपणांस शहाणें करतो तें. जो शब्द पूर्वीं त्यास द्वेष्य होता, तोच आतां सर्वांत गोड झाला. पुढें ऑगस्टीनाच्या जुन्या ग्रंथांतहि त्यास हाच अर्थ सांपडला.

याचा अर्थ देवानें न्याय करणें सोडून दिलें असा कोणी करूं नये. आमची चूक तेथेंच झाली होती. त्या वृद्ध बंधूंस आम्हीं दयेचें नांव सांगितलें. पण न्यायाचें काय झालें तें सांगितलें नाहीं. सावकारानें वही फाडून टाकली तर ऋणकोस आनंद होतो खरा, तथापि वही पुन्हां निघेल काय ही भीति राहते. परंतु कोणी पैसे भरून पावती हातांत दिली, तर भीति राहत नाहीं. देवानें पापाकडे काणाडोळा केला नाहीं. पापाचा न्याय वधस्तंभावर झाला. न्यायाधीश स्वतः आरोपीच्या जागीं उभा राहिला. सन १५२० मध्यें लिहिलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्याविषयींच्या पुस्तकांत लूथरानें हें लग्नाच्या दृष्टान्तानें समजाविलें आहे. लग्न झालें म्हणजे नवऱ्याचें तें बायकोचें व बायकोचें तें नवऱ्याचें होतें. तसें आत्म्याचें कर्ज ख्रिस्त आपल्या अंगावर घेतो, आणि ख्रिस्ताचें नीतिमत्त्व आत्म्याचें होतें. म्हणून स्तोत्रकर्ता न्यायाधीशाच्या नीतिमत्त्वाचाच आश्रय मागूं शकतो. ज्या न्यायाचें भय होतें, तोच आतां त्याच्या बाजूनें उभा आहे.

आतां सन १५१७ ची गोष्ट ऐकावी. विटेनबर्गजवळच्या युटरबोग गांवांत योहान टेट्सेल नांवाचा एक उपदेशक क्षमापत्रें विकावयास आला. रोम येथील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठीं हे पैसे आहेत असें लोकांस सांगण्यांत येई. परंतु त्यांतील अर्धा भाग माइन्त्सचे मुख्य बिशप आल्ब्रेख्त यांनीं आपल्या पदासाठीं फुगर सावकारांकडून काढलेल्या कर्जाकडे जात होता. लूथर तेव्हां विटेनबर्गांत लोकांचा पाळकहि होता. त्याचीं मेंढरें युटरबोगास जाऊन कागद घेऊन आलीं व तो कागद पुढें करून पश्चात्तापाची गरज नाहीं असें समजूं लागलीं. हें पाहून तो पेटला. ऑक्टोबरच्या ३१ व्या तारखेस त्यानें पंचाण्णव विधानें लिहून बिशपांकडे पाठविलीं. तींच त्यानें राजवाड्याच्या देवळाच्या दारावर लाविलीं, अशी परंपरा आहे. त्यांतील पहिलेंच विधान हें कीं, ख्रिस्तानें पश्चात्ताप करा असें म्हटलें, तेव्हां भक्ताचें सबंध आयुष्यच पश्चात्तापाचें असावें असा त्याचा हेतु होता. हें ध्यानांत ठेवावें. लूथरानें देवाची क्षमा स्वस्त केली, असें कित्येक म्हणतात. खरें पाहतां जी क्षमा नाण्यांना विकत मिळत होती, ती त्यानें बाजारांतून काढून वधस्तंभापाशीं परत नेली.

पुढचा वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. सन १५२१ च्या जानेवारींत पोपानें त्यास बहिष्कृत केलें. एप्रिलांत वर्म्स नगरीं बादशहा पांचवा चार्ल्स याच्या सभेपुढें त्यास उभें केलें व आपले ग्रंथ नाकारण्यास सांगितलें. पहिल्या दिवशीं त्यानें विचारास एक दिवस मागितला. त्याची भीति गेली होती असें नव्हे. दुसऱ्या दिवशीं त्यानें उत्तर दिलें कीं, शास्त्रावरून किंवा स्पष्ट कारणांवरून माझी चूक दाखवा, नाहीं तर देवाच्या वचनानें बांधलेल्या विवेकाविरुद्ध मला जातां येत नाहीं. ज्यानें मोठ्या न्यायासनाचा निकाल ऐकला होता, त्यास लहान न्यायासनापुढें उभें राहतां आलें. मग सॅक्सनीच्या राजानें त्यास वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपविलें, व तेथें सुमारें अकरा आठवड्यांत त्यानें नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. तें सन १५२२ च्या सप्टेंबरांत छापून निघालें. सबंध बायबल सन १५३४ मध्यें पुरें झालें.

आमच्या धर्मशिक्षक बंधूंनीं मात्र सन १५२८ ची गोष्ट विसरूं नये. त्या वर्षीं लूथर सॅक्सनींतील खेड्यांच्या मंडळ्या पाहावयास गेला. लोकांस प्रभूची प्रार्थना येत नव्हती, दहा आज्ञा ठाऊक नव्हत्या, व कित्येक पाळकांसहि नीट शिकवितां येत नव्हतें. तो रागावला, पण नुसतें रागावून थांबला नाहीं. त्यानें सन १५२९ मध्यें लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, कीं घरच्या धन्यानें ती आपल्या मुलांस व चाकरांस शिकवावी. आपण स्वतः डॉक्टर असूनहि ती रोज सकाळीं मुलाप्रमाणें म्हणतों, असें तो सांगे. ही प्रश्नोत्तरावली पुढें समुद्र ओलांडून आमच्या देशांत आली. सन १७०६ मध्यें तरंगंबाडीस उतरलेल्या झीगेनबाल्ग यांनीं ती तमिळ भाषेंत आणिली.

आतां एक दुःखाची गोष्ट. चरित्र लिहिणारानें ती झांकून ठेविली तर न्यायाविषयीं लिहिण्याचा त्यास अधिकार नाहीं. सन १५२५ मध्यें गांजलेले शेतकरी धनिकांवर उठले, तेव्हां लूथरानें आधीं दोन्ही पक्षांस बोध केला. परंतु नंतर राजांनीं शेतकऱ्यांस निर्दयपणें मारावें अशा अर्थाचें लिहिलें, आणि हजारों गरीब कापले गेले. सन १५४३ मध्यें त्यानें यहूदी लोकांविरुद्ध असें भयंकर पुस्तक लिहिलें कीं, त्यांचीं सभास्थानें जाळावीं असेंहि त्यांत सुचविलें. विसाव्या शतकांत दुष्टांनीं त्या शब्दांचा उपयोग केला. सन १९९४ मध्यें अमेरिकेंतील इव्हँजेलिकल लूथरन मंडळीनें त्या लेखांचा जाहीर धिक्कार केला व यहूदी लोकांपुढें खेद प्रगट केला. ज्यानें स्वतः दयेवर जगावें त्यानें दुसऱ्यांस दया नाकारावी, हें केवढें पाप! आम्ही हें वाचतों तेव्हां आमचें बोट लूथराकडे वळण्याआधीं आमच्याकडेच वळतें. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो असें प्रेषित पेत्र सांगतो. मोठ्या भक्ताचें नीतिमत्त्व त्याचें स्वतःचें नव्हतें, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे?

सन १५२५ मध्येंच त्यानें काटारीना फॉन बोरा या बाईशीं लग्न केलें होतें. त्यांस सहा मुलें झालीं. सन १५४२ मध्यें तेरा वर्षांची माग्डालेना बापाच्या हातांवर मरण पावली. ती पित्याकडे जात आहे हें तो जाणत होता, तरी फार रडला. सन १५४६ च्या आरंभीं मान्सफेल्डच्या सरदार घराण्यांतील वतनाचा तंटा मिटविण्यासाठीं, प्रकृति बरी नसतांहि, तो आपल्या जन्मगांवीं गेला. तंटा मिटला आणि फेब्रुवारीच्या १८ व्या तारखेस तेथेंच त्याचा अंत झाला. त्याच्यापाशीं एक चिठ्ठी सांपडली, तिचा शेवट असा होता कीं, आपण सर्व भिकारी आहों. ज्यानें सबंध युरोप हालविला त्यानें रिकामे हात पसरून प्राण सोडला. विश्वास म्हणजे तरी दुसरें काय? भिकाऱ्याचा पसरलेला हात.

त्यानंतर सन १७३८ च्या मे महिन्याच्या २४ व्या तारखेस लंडन शहरांत जॉन वेस्ली हे लूथराची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असतां ऐकत बसले होते, तेव्हां त्यांच्या अंतःकरणास ऊब आली. आणि सन १९९९ च्या ऑक्टोबरच्या ३१ व्या तारखेस ऑग्सबुर्ग येथें लूथरन व रोमन कॅथॉलिक मंडळ्यांनीं नीतिमान ठरविलें जाण्याच्या शिकवणीविषयीं एका संयुक्त लेखावर सह्या केल्या. ज्या वचनावरून घर फुटलें, त्याच वचनापाशीं भाऊ पुन्हां भेटले.

आतां त्या वृद्ध बंधूंकडे परत जाऊं. आम्हीं दुसऱ्यांदां जाऊन त्यांस सांगितलें कीं, तुमचें पाप लहान नाहीं, देव तें लहान म्हणत नाहीं, त्याचा न्याय ख्रिस्तावर झाला आहे. ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं पुतण्यास बोलावणें पाठविलें. पंचांना व शेजाऱ्यांना बाजेभोंवतीं बसवून त्यांनीं खरी गोष्ट सांगितली आणि बांध जुन्या जागीं घालावयास लाविला. पुतण्यानें जमीन घेतली; पण क्षमा केली असें कांहीं तो बोलला नाहीं. आम्हांस वाईट वाटलें. ते मात्र म्हणाले कीं, त्याचा राग खरा आहे, त्यास वेळ द्यावा. त्या रात्रीं त्यांस झोप लागली.

वाचकहो, हा क्रम उलटा करूं नका. बांध परत सरकवून त्यांनीं क्षमा विकत घेतली नाहीं. क्षमा मिळाली म्हणून त्यांस बांध परत सरकवितां आला. भय मनुष्यास खोटें बोलावयास लावितें. ज्याचा निकाल लागून चुकला आहे, तोच खरें बोलूं शकतो. तुमच्या गांवांत कोणाचा बांध सरकला आहे, कोणाची मजुरी राहिली आहे, कोणाविरुद्ध खोटी साक्ष पडली आहे, हें तुम्ही जाणतां आणि न्यायाधीशहि जाणतो. तो इंद्रधनुष्यावर तरवार घेऊन बसलेला नाहीं. त्याच्या हातांस खिळ्यांच्या खुणा आहेत. त्याच्यापुढें आज या, म्हणजे त्या दिवशीं तुम्हांस भिंतीकडे तोंड वळवावें लागणार नाहीं.